मुलांचं गोड आटोक्यात ठेवायला सांगितल्या जाणाऱ्या थापा : कोणत्या चालतात, कोणत्या अंगाशी येतात

उंबरठा

"संपलं." "काऊने नेलं." "दुकानवाले काका गावाला गेले." "दातात किडा होईल." "पोटात जंत होतील." "डॉक्टर सुई टोचतील." दीड ते सहा वर्षांची मुलं असलेल्या घरात गोडावरून रोज यातलं काहीतरी बोललं जातंच. हेतू चांगला असतो आणि त्या क्षणी रडणंही थांबतं.

या धाग्यात मला तत्त्वचर्चेपेक्षा नेमकी माहिती हवी आहे. कोणत्या वयाला कोणती थाप चालून जाते, कोणती पुढे त्रास देते, आणि थापेऐवजी काय बोलायचं, काय करायचं? शिवाय किती गोड म्हणजे जास्त, हेही चमच्याच्या हिशेबात कळलं तर बरं. दंतवैद्य, आहारतज्ज्ञ, बालवाडीच्या ताई, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा.

---

दुधाचेदात

बालदंतवैद्यक हे माझं काम, म्हणून दातांपुरतं लिहितो.

"दातात किडा होईल" ही थाप सर्वात जास्त वापरली जाते आणि आमच्या खुर्चीपर्यंत तीच सर्वात जास्त त्रास देते. दातात किडा नसतो. दातांवर जंतूंचा पातळ थर असतो. साखर मिळाली की हे जंतू आम्ल तयार करतात, आणि तोंडाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते. त्याला साधारण २० ते ४० मिनिटं लागतात, चिकट पदार्थ असेल तर आणखी वेळ.

यातून घरात उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट निघते: किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त भोवतं. चार टॉफ्या जेवणानंतर एकदम खाल्ल्या तर दातांवर हल्ला एकदा होतो. "आता एकच हं" म्हणत त्याच चार टॉफ्या सकाळपासून चार वेळा दिल्या तर तो चार वेळा होतो. एकेक करून देणारे पालक स्वतःला कडक समजतात, पण दातांचं नुकसान त्यांच्याच घरी जास्त होतं.

किड्याच्या थापेचं पुढे काय होतं तेही सांगतो. मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्याला किडा हे खरोखरचं जनावर वाटतं. तपासणीला आणलं की ते तोंड घट्ट मिटून घेतं, कारण आत काहीतरी वळवळतंय आणि डॉक्टर ते ओढून काढणार, असं त्याला वाटत असतं. दहा मिनिटांत होणारं काम मग दोन-तीन खेपांत करावं लागतं. "डॉक्टर सुई टोचतील"चा परिणाम तर आणखी वाईट. त्या मुलाला लस द्यायची असते, ताप आला की दाखवायचं असतं. ज्या माणसाची मदत लागणार, त्यालाच आपण बागुलबुवा करून ठेवतो.

त्याऐवजी खरं वाक्य सांगा, तीन वर्षांच्या मुलालाही ते कळतं: "दातांवर बारीक बारीक जंतू बसतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आंबट पाणी सोडतात. त्याने दात दुखतो. म्हणून गोड जेवणाबरोबर खायचं, मग चूळ भरायची."

पेस्टचं प्रमाणही सांगून ठेवतो. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी. नळीवर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास असल्याचं बघून घ्या. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे साखर घातलेलं दूध बाटलीने पीत झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात सर्वात आधी जातात. आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून हिरडीलगत बघा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते. त्या टप्प्यावर दात वाचतो.

---

खलबत्ता

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. चमच्याचा हिशेब मी देते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी : वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, ५ टक्क्यांच्या खाली आली तर आणखी चांगलं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) तक्त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलाची गरज दिवसाला १३६० किलोकॅलरी आणि १ ते ३ वर्षांच्या मुलाची १०१० धरली आहे. मोठ्या मुलाला ५ टक्के म्हणजे साधारण १७ ग्रॅम. घरातला चहाचा सपाट चमचा ४ ते ५ ग्रॅमचा, म्हणजे चार चमच्यांच्या आतच. १० टक्क्यांची मर्यादा त्याच्या दुप्पट. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरून साखर नकोच. गूळही नको, कारण गुळातही बहुतेक भाग साखरच असतो.

आता एका साध्या दिवसाची बेरीज करा. सकाळच्या दुधात दोन चमचे साखर, ८ ते १० ग्रॅम. चार ग्लुकोज बिस्किटं, ५ ग्रॅम. पोळीला मोठा चमचाभर जॅम, जवळपास १० ग्रॅम, कारण जॅमचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखरच असतो. संध्याकाळी धिरड्याबरोबर टोमॅटो सॉस, मोठा चमचा धरला तर ४ ग्रॅम. झाले २७ ते २९ ग्रॅम, आणि अजून चॉकलेट आलेलंच नाही! त्या चॉकलेटसाठी "काऊने नेलं" म्हणणाऱ्या घरात खरी साखर नाश्त्यातून जात असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. थाप मारून वाचवलेली टॉफी जेमतेम एक चमचा साखरेची.

म्हणून आधी दूध सुधारा. दर चार-पाच दिवसांनी पाव चमचा साखर कमी करत गेलात तर दोन चमच्यांवरून शून्यावर यायला महिना-सव्वा महिना लागतो. मुलाला सहसा पत्ताही लागत नाही. एकदम बंद केलीत तर मूल दूधच सोडतं, आणि मग घरचे घाबरून दुधात चॉकलेटची पावडर घालतात. त्या पावडरींत साखरेचं प्रमाण भरपूर असतं. डब्यामागे 'शंभर ग्रॅममध्ये साखर किती' हे छापलेलं असतं, ते वाचा.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नका, पंचामृतातलाही नको आणि जिभेवर चाटवायलाही नको. मधात बोटुलिझमचे (अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचे) बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याचं आतडं त्यांना रोखू शकत नाही.

---

आजोळ

दोघांचंही पटलं, पण एक शंका आहे. दोन वर्षांच्या लेकराला जंतू आणि आंबट पाणी कुठून कळणार? त्याला डबा दिसला की हवाच असतो. "संपलं" म्हटलं की ते खेळायला निघून जातं. इतक्या लहानपणी एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं? आणि आजी-आजोबांना उगाच पोलीस करू नका. नातवंडाच्या हातावर काहीतरी ठेवावंसं वाटणारच.

---

रानजाई

आजोळताई, अडीच-तीन वर्षांपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्या वयात समोर दिसत नसलेली गोष्ट मूल लवकर विसरतं, त्यामुळे "संपलं" या शब्दाने नुकसान होत नाही. पण तिथे काम शब्द करत नाही, नजरेआड झालेला डबा करतो. म्हणजे थाप न मारताही तेच साधतं.

खरी वेळ चार वर्षांच्या आसपास येते. दुसऱ्याच्या मनात चुकीचं काही असू शकतं, किंवा मुद्दाम घातलं जाऊ शकतं, हे मुलाला याच सुमाराला उमगतं. मग ते खुर्ची सरकवून कपाट उघडून बघतं. पाचव्या वर्षी आईचं आणि आजीचं बोलणं ताडून पाहतं. आई म्हणाली संपलं, आजी म्हणाली उद्या देते, बाबा म्हणाले दात किडतील. तीन कारणं ऐकली की मुलाला एवढंच कळतं की खरं कारण यांपैकी कुठलंच नाही.

गोडावरूनच केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या हेज आणि कार्व्हर यांनी २०१४ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना आधी सांगितलं की शेजारच्या खोलीत वाडगाभर गोळ्या आहेत, आणि मग कबूल केलं की तसं काही नाही, खेळायला बोलवायचं म्हणून सांगितलं. नंतर एका खेळात सगळ्याच मुलांना "मागे वळून बघू नकोस" असं बजावून एकटं सोडलं. शाळकरी वयाच्या मुलांत, ज्यांना फसवलं होतं ती जास्त प्रमाणात वळून बघत होती आणि नंतर त्याबद्दल खोटंही जास्त बोलत होती. बालवाडीच्या वयात असा फरक दिसला नाही. एका प्रयोगावरून सगळं ठरत नाही, पण वयाची रेघ कुठे पडते याचा अंदाज यातून येतो.

"संपलं" हवंच असेल तर ते खरं करा. मुलाच्या नावाची एक छोटी डबी ठेवा, झाकण सहज उघडेल अशी. त्या दिवसाचं किंवा आठवड्याचं जे ठरलं असेल तेवढंच त्यात. मोठा डबा घरात असलाच तर मुलाला दिसणार नाही आणि हाताला लागणार नाही अशा जागी. मुलाने डबी उघडली, खाल्लं, डबी रिकामी झाली. मग "डबीतलं संपलं, आता शनिवारी भरू" असं म्हणता येतं. हे वाक्य मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतं, म्हणून त्यावर भांडण कमी होतं.

"दिसतंय पण मिळत नाही" ही अवस्था मात्र टाळा. फिशर आणि बर्च यांच्या १९९९ च्या अभ्यासात पदार्थ समोर ठेवून मनाई केली की मुलांचं लक्ष त्याच्यावरच खिळतं, असं दिसलं. फ्रिजवर ठेवलेला पारदर्शक बरणीतला खाऊ ही नेमकी तशीच मनाई. चार वर्षांच्या पुढच्या मुलासाठी कपाटात लपवलेल्यापेक्षा घरात न आणलेलं केव्हाही चांगलं.

---

पाटीपेन्सिल

बालवाडीच्या बाजूने दोन मुद्दे.

"उद्या देते." ही थाप आहे असं कुणाला वाटतही नाही, पण सर्वात जास्त मोडलं जाणारं वचन हेच. तीन वर्षांच्या मुलाला उद्या म्हणजे काय ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की उद्या म्हणजे नाही. मग खरोखर उद्या काही ठरलेलं असलं तरी ते विश्वास ठेवत नाही. वेळ घड्याळाची किंवा तारखेची सांगू नका, दिवसातल्या कामांची सांगा : "पोळी खाऊन झाली की", "अंघोळ करून आलास की". चार वर्षांनंतर सात चौकोनांची पट्टी चिकटवा, शनिवारच्या चौकोनात लाडवाचं चित्र काढा आणि रोज रात्री मुलालाच एक चौकोन खोडू द्या. चार-पाच आठवड्यांत बहुतेक मुलं मागायच्या आधी पट्टी बघायला लागतात.

दुसरं, शाळेतल्या वाढदिवसाचं चॉकलेट. घरी ते काढून घेताना "बाईंनी परत मागितलंय" असं सांगितलं जातं. कृपा करून असं करू नका. दुसऱ्या दिवशी मूल येऊन विचारतं, "माझं चॉकलेट कुठे?" आणि बाईंना एकतर खोट्यात सामील व्हावं लागतं किंवा आईला खोटं पाडावं लागतं. शाळेतून आलेलं चॉकलेट सरळ डबीत जाऊ द्या आणि शनिवारच्या हिशेबात धरा. शाळांनीही वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिल, खोडरबर किंवा वर्गासाठी एक गोष्टीचं पुस्तक असा नियम करायला हरकत नाही. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं, तेव्हापासून हा विषय पालकसभेत काढणं सोपं झालं आहे.

---

निळीछत्री

शनिवारचा उल्लेख वर आला म्हणून लिहितो. स्वीडनमध्ये ही रूढच आहे, तिला तिथे लोर्दागस्गोदिस म्हणतात, शनिवारचा गोड खाऊ. तिचं मूळ मात्र चांगलं नाही. लुंड शहराजवळच्या विपेहोम नावाच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षं मतिमंद रुग्णांना त्यांच्या संमतीशिवाय चिकट टॉफ्या खायला घालून दात कसे किडतात ते पाहिलं गेलं. आज असा प्रयोग कुणीही मान्य करणार नाही. त्यातून निघालं ते दुधाचेदात यांनी वर लिहिलंच आहे : जेवणांच्या मध्ये पुन्हा पुन्हा खाल्लेलं चिकट गोड सर्वात घातक. त्यानंतर तिथल्या आरोग्य खात्याने आठवड्यातून एकदाच गोड असा सल्ला दिला आणि तो घराघरांत रुजला.

आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण सण शनिवार बघून येत नाहीत. आणि शनिवार आहे म्हणून मोठी पिशवीभर गोळ्या, असंही होऊ नये. वार आणि प्रमाण दोन्ही ठरवावं लागतं.

---

खलबत्ता

सणांचा मुद्दा बरोबर. गणपतीत, दिवाळीत आठवड्याचा नियम चालत नाही आणि तो रेटूही नये. "बाप्पा म्हणाला जास्त खायचं नाही" ही थाप तर लगेच उघडी पडते. बाप्पापुढेच एकवीस मोदक ठेवलेले असतात.

आपल्या जेवणाच्या पद्धतीतच यावर उपाय आहे. गोड आपण जेवणानंतर वेगळं आणत नाही, पानातच वाढतो. मुलालाही तसंच वाढा : वरणभात, भाजी, कोशिंबीर आणि त्याच ताटात अर्धा मोदक किंवा पाव वाटी खीर. ते आधी खाल्लं तरी हरकत नाही, पण दुसऱ्यांदा वाढायचं नाही. "भाजी संपव, मग गोड देते" हा सौदा मात्र उलटा पडतो. बक्षीस म्हणून दिलेला पदार्थ मुलांना अधिक आवडू लागतो, हे बर्च यांच्या १९८० च्या कामापासून माहीत आहे. भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, हा धडा आपणच शिकवतो.

फराळाच्या दिवसांत मुलाच्या हाती डबे देऊ नका, वाटीत काढून द्या : एक करंजी, किंवा पाच-सहा शंकरपाळे, बाकी चिवडा-चकली. बोरन्हाणात गोड कमी आणि धोका जास्त. गोळ्या, बोरं, शेंगदाणे, हलवा हे सगळं चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतं. डोक्यावरून चुरमुरे ओता, बाकीचं मोठ्या मुलांना पिशवीत घालून हातात द्या. खाली पडलेलं वेचताना लहानग्यांच्या तोंडाकडे एका माणसाचं लक्ष हवंच.

---

दुधाचेदात

अजून दोन थापा राहिल्या, आणि माझ्या मते त्या बाकी सगळ्यांपेक्षा गंभीर आहेत.

पहिली : चॉकलेट लपवताना "ते औषध आहे, मोठ्यांचं" असं सांगणं. आणि तिची जुळी बहीण : औषध देताना "चॉकलेट आहे, खा." दोन्हींमुळे मुलाच्या मनात औषध आणि खाऊ यांच्यातली भिंत कोसळते. लोहाच्या बऱ्याच गोळ्या रंगीत आणि गोड मुलाम्याच्या असतात. गरोदर किंवा बाळंतीण बाई असलेल्या घरात त्या हमखास असतात. लहान मुलाने मूठभर गिळल्या तर जीवावर बेततं. पॅरासिटामॉलची गोड सिरपंही तशीच. औषधाला औषधच म्हणा, गोड असलं तरी, आणि झाकण लावून उंचावर कुलपात ठेवा. मुलाने गोळ्या गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

दुसरी : "गोड खाल्लं की जंत होतात." ही थाप सांगता सांगता मोठ्यांनाच खरी वाटू लागली आहे. जंत साखरेने होत नाहीत. त्यांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून, न धुतलेल्या भाजीतून तोंडात जातात. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतात. गोड बंद केल्याने जंत जात नाहीत. हात धुणं, नखं कापणं, चपला घालणं आणि जंतनाशक गोळी हा उपाय. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन, अनेक ठिकाणी ऑगस्टमध्ये दुसरी फेरी असते. अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल देतात, १ ते २ वर्षांना अर्धी गोळी म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यापुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅमची. मोठ्या मुलांनी चावून खायची, लहानांना चुरून पाण्यातून. "आमचा गोड खात नाही, त्याला गोळी नको" असं म्हणून ती नाकारू नका.

---

रानजाई

याला जोडून : "साखर म्हणजे विष" असंही सांगू नका. टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन तयार न होण्याचा प्रकार) असलेल्या मुलाची रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर वयाप्रमाणे ५ ते १५ ग्रॅम साखर लगेच द्यावी लागते, आणि मनात विष बसलेलं मूल तेव्हा तोंड उघडत नाही. त्याच्या वर्गमित्रांनाही हे विष वाटत असेल तर ते त्याला चिडवतात. जास्त गोड खाल्ल्याने टाइप १ होत नाही, हेही घरात एकदा स्पष्ट बोलावं.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. नाही म्हटल्यावरचं रडणं कसं निभवायचं? आणि आधीच थापा मारून झाल्या असतील तर त्या मागे कशा घ्यायच्या?

---

रानजाई

रडणं : वाक्य एकच आणि छोटं ठेवा. "तुला लाडू हवाय, मला कळलं. आज नाही, शनिवारी." कारणांची यादी देऊ नका, प्रत्येक कारणावर मूल वाद घालतं. जवळ बसा, पाणी द्या, पण पुन्हा समजावू नका. सर्वात मोठी चूक म्हणजे वीस मिनिटं रडू देऊन मग देणं. त्यातून मूल शिकतं की वीस मिनिटं रडलं की मिळतं, आणि पुढच्या वेळी पंचवीस मिनिटं रडतं. द्यायचंच असेल तर पहिल्याच मागणीला द्या. पहिल्या आठवड्यात रडणं वाढतं आणि मग उतरतं. मधे एकाने जरी दिलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

थापा मागे घेणं : तीन वर्षांच्या आत गरज नाही, नवी पद्धत सुरू करा, बास. चारच्या पुढे असेल तर मूल शांत असताना, गोड समोर नसताना सांगा : "मी लाडू संपले म्हणायचे तेव्हा ते डब्यात असायचे. तू रडशील म्हणून तसं म्हणायचे. आता डबी करूया, तुझी डबी तूच बघायची." माफीचं लांबण लावू नका. मग दोन-तीन दिवस मूल डबी पुन्हा पुन्हा उघडून बघेल. बघू द्या.

---

आजोळ

डबीचं मला फार आवडलं. मग एक मागणी : शनिवारची डबी भरायचा मान आजी-आजोबांना द्या. किती घालायचं ते आई-बाबांनी ठरवावं, हात आमचा असावा. म्हणजे आम्हाला चोरून द्यावं लागणार नाही आणि मुलांना आमच्या पिशव्या तपासाव्या लागणार नाहीत.

---

पाटीपेन्सिल

आजोळताई, हे उत्तम. असंच दुकानाचंही ठरवा. सुट्टे नाहीत म्हणून किराणावाले मुलाच्या हातात गोळ्या टेकवतात. मुलाला घेऊन जाणार असाल तर सुट्टे पैसे बरोबर ठेवा, नाहीतर "उरलेले वहीत लिहून ठेवा" असं सांगा. नेहमीच्या दुकानदाराला मूल बरोबर नसताना एकदा नीट सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. आणि गोळी हातात आलीच तर ती खिशात, मग घरी डबीत. रस्त्यात काढून घेऊन फेकू नका.